सनद मुंबईची, कपाट सावंतवाडीचे

मुंबई विद्यापीठाचा अधिकार आज मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सात जिल्ह्यांवर चालतो. आणि त्यामुळे फोर्टातल्या एखाद्या नामांकित महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती जे पदवीपत्र पडते, तेच, त्याच शिक्क्याचे आणि त्याच कुलगुरूंच्या सहीचे पदवीपत्र सावंतवाडीच्या विद्यार्थ्याच्याही हाती पडते. या व्यवस्थेत एक प्रकारची समता आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्या पदवीपर्यंत पोहोचण्यासाठी जे ग्रंथ वाचावयाचे, त्यांच्या बाबतीत ही समता टिकत नाही. कारण एकाला विद्यापीठाचे ग्रंथालय लोकलच्या पासावर गाठता येते, तर दुसऱ्याला त्याच ग्रंथालयासाठी कोकण रेल्वेने रात्रभर प्रवास करावा लागतो, आणि तेथे पोहोचल्यावरही पुस्तक घरी नेण्याचा हक्क आपणास आहे की नाही, याची चौकशी प्रथम करावी लागते. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, परीक्षा विद्यापीठाची, पदवीही विद्यापीठाची. पुस्तकांचे कपाट तेवढे ज्याचे त्याचे.

हा प्रश्न कोकणापुरता नाही, मुंबईपुरता नाही आणि भारतापुरताही नाही. शिकविणारी संस्था एक आणि पदवी देणारी दुसरी, अशी वाटणी जेथे जेथे झाली, मग ती संलग्न महाविद्यालयाच्या रूपाने असो, मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राच्या रूपाने असो, किंवा परदेशी विद्यापीठाशी केलेल्या सहकार्याच्या करारनाम्याने असो, तेथे तेथे विद्यापीठाच्या ग्रंथालयाची हद्द कोठवर, हा तंटा आज ना उद्या उभा राहिलाच आहे. सामान्य वाचकाला ही ग्रंथपालांच्या दफ्तरातली किरकोळ बाब वाटेल. पण ज्याच्या घरातले मूल तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकते, त्याला ती तितकी किरकोळ वाटू नये.

या वाटणीचे मूळ लंडनमध्ये आहे. लंडन विद्यापीठाला १८३६ मध्ये सनद मिळाली, ती मुख्यतः परीक्षा घेऊन पदव्या देण्यासाठी. शिकविण्याचे काम युनिव्हर्सिटी कॉलेज आणि किंग्ज कॉलेज यांसारख्या संस्थांनी करावयाचे, असा संकेत होता. पुढे १८५८ च्या सनदेने तर ठराविक महाविद्यालयांत शिकल्याची अटही काढून टाकली, आणि जगाच्या पाठीवर कोठेही बसून, स्वतःच्या हिमतीवर अभ्यास करून, लंडनची पदवी मिळविण्याचा मार्ग मोकळा झाला. उदारपणाची ही कृती खरोखर मोठी होती. मात्र तिच्यात एक सोय विद्यापीठाने स्वतःसाठीही करून घेतली होती. विद्यार्थी जेव्हा सर्वत्र असतो, तेव्हा त्याला पुस्तक कोण देणार हे कोणालाच विचारता येत नाही. त्या विद्यापीठाला स्वतःचे म्हणावे असे भक्कम ग्रंथालयही पुष्कळ काळ नव्हते. गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन १८७१ मध्ये निवर्तल्यावर त्यांचा ग्रंथसंग्रह लॉर्ड ओव्हरस्टोन यांनी विकत घेऊन विद्यापीठाला अर्पण केला, आणि तेथून त्या ग्रंथालयाला खरा आकार येऊ लागला. 

लंडनचा हा नमुना पुढ्यात ठेवूनच १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठ आरंभी वर्ग भरवीत नसे. ते परीक्षा घेई आणि महाविद्यालयांना आपल्याशी जोडून घेई. त्याची हद्द त्या काळी उत्तरेस सिंधपासून दक्षिणेस कर्नाटकापर्यंत पसरलेली होती, म्हणजे कराचीचा विद्यार्थी आणि धारवाडचा विद्यार्थी एकाच विद्यापीठाचे उमेदवार. ग्रंथालय मात्र एकच, तेही मुंबईत. कापसाच्या तेजीत अमाप पैसा मिळविलेले प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लक्ष रुपये दिले आणि पाठोपाठ मातोश्री राजाबाई यांच्या नावे मनोरा उभारण्यासाठी आणखी दोन लक्ष. पुढच्याच वर्षी शेअरबाजार कोसळला आणि त्यांची संपत्ती वितळली, पण दान शाबूत राहिले. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आखलेली ती इमारत १८७८ मध्ये पूर्ण झाली, आणि रंगीत काचांच्या तावदानांचे ते वाचनदालन आजही पाहणाऱ्याचे मन प्रसन्न करते. तथापि १९०२ च्या विद्यापीठ आयोगाने या ग्रंथालयाबद्दल जे नमूद केले, ते फारसे प्रसन्न करणारे नाही: संग्रह चांगला आहे, पण पदवीधर त्याचा उपयोग थोडा करतात आणि विद्यार्थी जवळजवळ करीतच नाहीत, असा त्या अहवालाचा आशय होता. त्यात नवल ते काय? विद्यार्थी पुण्यात, अहमदाबादेत, कराचीत होते.

या आयोगाच्या मागोमाग आलेल्या १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने प्रश्नाचा निकाल लावला, आणि ज्या पद्धतीने लावला त्याचे परिणाम आपण अद्याप भोगीत आहोत. संलग्नता मागणाऱ्या महाविद्यालयाने इमारत, अध्यापक, वसतिगृह यांच्याबरोबरच ग्रंथालयाचीही योग्य तरतूद केली आहे किंवा होणार आहे, अशी विद्यापीठाची खात्री पटवून द्यावी, असे त्या कायद्याने ठरविले. वरवर पाहता हे कलम ग्रंथालयाच्या बाजूचे आहे, आणि त्याने अनेक महाविद्यालयांत निदान चार कपाटे उभी राहिली हेही खरे. परंतु त्याने जबाबदारीची दिशा कायमची ठरवून टाकली. ग्रंथ जमविण्याचे ओझे दोघांपैकी जो दुबळा, त्याच्या खांद्यावर गेले. जो सबळ, त्याच्याकडे तपासणीचे काम आले. तेव्हापासून आजतागायत विद्यापीठाची समिती महाविद्यालयात येते, दाखलनोंदवही पाहते, पुस्तकांची संख्या मोजते, शेरा लिहिते आणि परत जाते. ही समिती येताना कधी पुस्तकांचे एखादे खोके बरोबर घेऊन आल्याचे ऐकिवात नाही.

खोके घेऊन जाणारी विद्यापीठे जगात नव्हती असे मात्र नाही. ज्या इंग्लंडकडून आपण परीक्षा घेणारे विद्यापीठ उचलले, त्याच इंग्लंडात एक दुसरी परंपराही वाढत होती, आणि ती आपण उचलली नाही. १८७३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने जेम्स स्टुअर्ट यांच्या आग्रहाने गावोगावी व्याख्यानमाला सुरू केल्या. ऑक्सफर्डही त्याच वाटेने गेले. आणि व्याख्यात्यापाठोपाठ त्या विषयावरच्या निवडक ग्रंथांची फिरती पेटी केंद्रावर पाठवावी, असा शिरस्ता हळूहळू पडला. पुढे १९०३ मध्ये आल्बर्ट मॅन्सब्रिज यांनी श्रमिकांच्या शिक्षणासाठी संघटना स्थापन केली, आणि १९०८ च्या जानेवारीत लाँगटन आणि रॉचडेल या औद्योगिक गावांत रिचर्ड टॉनी यांचे पहिले वर्ग भरले. हे टॉनी जन्माने कलकत्त्याचे. पुढे ते थोर आर्थिक इतिहासकार म्हणून गाजले. त्यांच्यासमोर बसणारे लोक कुंभारकामाच्या कारखान्यांतले, खाणींतले आणि कापडगिरण्यांतले होते. तीन वर्षांचा नेम, वर्षाला चोवीस बैठका, प्रत्येक बैठकीत एक तास व्याख्यान आणि एक तास चर्चा, शिवाय ठराविक मुदतीने लिहावयाचे निबंध, असा हा कडक शिस्तीचा अभ्यास होता, आणि तो विद्यापीठाच्या तोडीचा व्हावा असा आयोजकांचा हट्ट होता. निबंध लिहावयाचा म्हणजे पुस्तक हवे, आणि गिरणीकामगाराने अर्थशास्त्राचे महागडे ग्रंथ विकत घ्यावेत अशी अपेक्षा कोणी केली नाही. पेटी येत असे, वर्गातल्याच एकाकडे तिची किल्ली असे, आणि अभ्यासक्रम संपला की पेटी परत जात असे.

या पेट्यांची गरज एवढी वाढली की १९१६ मध्ये केवळ अशा विद्यार्थ्यांना ग्रंथ उसने देण्यासाठी लंडनमध्ये एक मध्यवर्ती ग्रंथालय स्थापन करण्यात आले. कार्नेगी न्यासाच्या साहाय्याने ते वाढले, पुढे राष्ट्रीय मध्यवर्ती ग्रंथालय झाले, आणि १९७३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीत विलीन झाले. ब्रिटनची आजची आंतरग्रंथालयीन देवघेव ज्या यंत्रणांच्या पायावर उभी आहे, त्यांपैकी एकीचा उगम असा गिरणीकामगारांच्या संध्याकाळच्या वर्गात सापडतो, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आपल्याकडे पेटीची कल्पना अपरिचित होती असेही नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बडोद्यास आणून जी ग्रंथालयव्यवस्था उभारली, तिच्यात खेडोपाडी फिरणाऱ्या ग्रंथपेट्या होत्याच. एका संस्थानाला जे सुचले आणि जमले, ते आसपासच्या इलाख्यातल्या विद्यापीठाला का जमू नये, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला असता तर बरे झाले असते.

एक अपवाद आदराने सांगितला पाहिजे. गोवा मुक्त झाल्यानंतर मुंबई विद्यापीठाने पणजीत पदव्युत्तर अध्यापनाचे आणि संशोधनाचे केंद्र काढले. तेथे विद्यापीठ नुसते परीक्षक म्हणून गेले नाही, अध्यापनाचा भार घेऊन गेले; आणि १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा नव्या विद्यापीठाला हे तयार केंद्र पायाभूत म्हणून लाभले. पदवीबरोबर कपाटही न्यावयाचे असे मनात आणले, तर त्या कपाटाभोवती पुढे एक विद्यापीठ उभे राहू शकते, याचा हा दाखला आहे.

पेटीचे युग सरले आणि तिच्या जागी जे आले, त्याने प्रश्न सुटेल असे सर्वांना वाटले होते. नियतकालिके आणि ग्रंथ संगणकावर येऊ लागले तेव्हा, अंतराचा अडसर आता उरणारच नाही, मुंबईतले पान त्याच क्षणी सावंतवाडीत वाचता येईल, असा हिशोब मांडला गेला, आणि तंत्राच्या दृष्टीने तो अचूकही होता. परंतु छापील पुस्तक ग्रंथालयाच्या मालकीचे असते. ते कोणाला द्यावे आणि किती दिवस द्यावे, हे ग्रंथपाल ठरवितो. संगणकावरचे नियतकालिक बहुधा ग्रंथालयाच्या मालकीचे नसते. ग्रंथालयाकडे असतो तो प्रकाशकाशी केलेला परवान्याचा करारनामा, आणि त्या करारनाम्यात वाचकाची व्याख्या लिहिलेली असते. ग्रंथपालाने ज्याला वाचावयास दिले असते, त्याला ही व्याख्या दाराबाहेर ठेवू शकते. पेटी रेल्वेच्या मालडब्यातून रॉचडेलला गेली तेव्हा, ती उघडणारा माणूस विद्यापीठाचा अधिकृत विद्यार्थी आहे काय, असे पुस्तकाने विचारले नव्हते. आज पडद्यावर पहिला प्रश्न तोच येतो.

ब्रिटनमध्ये या व्याख्येचा जाच विशेष तीव्रतेने जाणवला, कारण तेथील विद्यापीठांनी गेल्या काही दशकांत आपले अभ्यासक्रम स्थानिक महाविद्यालयांकडे मोठ्या प्रमाणावर सोपविले. २००१ पासून सुरू झालेल्या दोन वर्षांच्या फाउंडेशन पदव्या तर बहुतांशी याच रीतीने, विद्यापीठाच्या शिक्क्याखाली पण गावच्या महाविद्यालयाच्या वर्गात, शिकविल्या गेल्या. यात दोन प्रकार असतात आणि त्यांचा भेद ग्रंथपालाला पाठ असावा लागतो. पहिल्यात अभ्यासक्रम विद्यापीठानेच रचलेला असतो, महाविद्यालय तो फक्त राबविते, आणि विद्यार्थी बहुधा विद्यापीठाच्या पटावर असतो. दुसऱ्यात अभ्यासक्रम महाविद्यालयाचा असतो, विद्यापीठ त्यावर फक्त मान्यतेचे शिक्कामोर्तब करते, आणि विद्यार्थी महाविद्यालयाच्याच पटावर राहतो. शेजारी शेजारी बसलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाला विद्यापीठाचे सारे ई-ग्रंथ खुले आणि दुसऱ्याला एकही नाही, असा विलक्षण प्रकार यातून घडू शकतो. पदवीपत्रावर मात्र दोघांच्या एकाच विद्यापीठाचे नाव असते!

प्रकाशकांना सरसकट खलनायक ठरविणे सोपे आहे. पण त्यांचा हिशोबही समजून घ्यावा. परवान्याची किंमत पुष्कळदा विद्यापीठाच्या विद्यार्थिसंख्येवर ठरते. विद्यापीठाने दर ठरविताना दहा हजार विद्यार्थी सांगावयाचे आणि उपयोगाच्या वेळी भागीदार संस्थांचे आणखी पाच हजार आत घ्यावयाचे, हे कोणताही व्यापारी मान्य करणार नाही. तेव्हा भागीदार संस्थांचे विद्यार्थी आपल्या संख्येत धरावयाचे की नाही, हे विद्यापीठालाच ठरवावे लागते, आणि येथे त्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा होते. कारण शुल्काच्या उत्पन्नाचा हिशोब करताना जे विद्यार्थी आपले म्हणून मोजले, तेच परवान्याचा खर्च भरताना परके ठरविण्याचा मोह मोठा असतो. कायद्याच्या आणि व्यापारविषयक माहितीच्या संग्रहांचे परवाने तर विशेष आखडते असतात; विद्यार्थी परदेशातील भागीदार संस्थेत असेल तर पुष्कळ वेळा ते मिळतच नाहीत, किंवा वेगळी रक्कम मोजून मिळतात.

यावर ब्रिटनमधील ग्रंथपालांनी अनुभवाने जी वहिवाट पाडली, ती सांगण्यासारखी आहे. नव्या भागीदारीचा खर्डा तयार होत असतानाच ग्रंथपालाला बोलवावे, सही झाल्यानंतर नव्हे, हा तिचा पहिला नियम. अभ्यासक्रमाची वाचनयादी समोर ठेवून त्यातले किती भागीदार महाविद्यालयाच्या कपाटात आहे, किती विद्यापीठाच्या परवान्यातून देता येईल, आणि उरलेल्याचा खर्च कोणी सोसावा, हे करारनाम्याच्या परिशिष्टात लेखी उतरवून घ्यावे लागते. तोंडी आश्वासनांना सत्रारंभापलीकडे आयुष्य नसते. त्यानंतर येते विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे काम, आणि सारी सुंदर योजना पुष्कळदा याच बारीकशा कारकुनी उंबरठ्यावर अडखळते: महाविद्यालय प्रवेशाची यादी विद्यापीठाकडे उशिरा पाठविते, विद्यापीठाच्या दफ्तरात ती आणखी काही आठवडे पडून राहते, आणि विद्यार्थ्याला परवलीचा शब्द मिळतो तेव्हा पहिला निबंध देण्याची मुदत टळून गेलेली असते. ज्या विद्यापीठांनी भागीदार संस्थांसाठी एक स्वतंत्र ग्रंथपाल नेमला, तेथे त्याच्या दिवसाचा मोठा भाग असल्या याद्यांच्या तगाद्यातच जातो. हे काम कोणाला दिसत नाही आणि कोणी त्याचा गौरव करीत नाही, पण त्याच्यावाचून बाकी सारे फोल ठरते.

छापील ग्रंथातील एखादे प्रकरण प्रतिमांकित करून दूरच्या वर्गाला देण्याच्या बाबतीत मात्र आपण भारतीय, ब्रिटनच्या मानाने, सुस्थितीत आहोत, आणि ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी ज्ञात नाही. ब्रिटनमध्ये असे प्रकरण द्यावयाचे तर विद्यापीठे त्यासाठी सामुदायिक परवाना घेतात, आणि किती पाने, कोणत्या अभ्यासक्रमाच्या कोणत्या विद्यार्थ्यांना, याला त्यात मोजमाप असते. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका छायाप्रतीच्या दुकानावर तीन मोठ्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा गुदरला. प्राध्यापकांनी निवडलेल्या प्रकरणांचे छायाप्रतींचे संच तेथे विद्यार्थ्यांना विकले जात असत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ च्या सप्टेंबरात दावा फेटाळला, आणि १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील अध्यापनाविषयीच्या अपवादाचा उदार अर्थ लावला. अपिलात खंडपीठाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात, त्या त्या ग्रंथांतील भाग अध्यापनासाठी खरोखर आवश्यक होते काय, एवढा मुद्दा पुराव्याने तपासण्यासाठी प्रकरण परत पाठविले, पण कायद्याचा अर्थ मुख्यतः तोच ठेवला. आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. या निकालाचा आधार घेऊन एखाद्या विद्यापीठाने आपल्या संलग्न महाविद्यालयांसाठी विषयवार वाचनसंच शिस्तीने तयार करून पाठविले, तर जुन्या पेटीचे कार्य टपालखर्चाशिवाय साधेल. कायद्याने मुभा दिली आहे; शिरस्ता पडावयाचा आहे.

संगणकावरील नियतकालिकांचा प्रश्न आपण निराळ्या मार्गाने सोडविला, आणि त्याचे श्रेय विद्यापीठांकडे फारसे जात नाही. १९९१ मध्ये अहमदाबादेत सुरू झालेल्या आणि आता गांधीनगरास असलेल्या इन्फ्लिबनेट या केंद्राने प्रथम विद्यापीठांसाठी नियतकालिकांची सामुदायिक खरेदी केली. तिच्यात महाविद्यालये नव्हती. मग २०१० च्या मे महिन्यात महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट ही योजना आली. सहा हजारांहून अधिक नियतकालिके आणि लाखाहून अधिक ई-पुस्तके, अनुदानित महाविद्यालयास वर्षाकाठी सुमारे पाच हजार रुपये वर्गणीत, अध्यापक आणि विद्यार्थी यांना वैयक्तिक परवलीचे शब्द देऊन उपलब्ध करण्याची ही सोय आहे. ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा नियतकालिकांवरचा सारा वार्षिक खर्च चार-दोन परदेशी अंकांतच संपला असता, त्याच्यापुढे हा खजिना एका अर्जावर येऊन पडला. तो कितपत वापरला जातो, हे त्या त्या ग्रंथपालावर अवलंबून राहिले. जेथे ग्रंथपालाने वर्गावर्गात जाऊन विद्यार्थ्यांची खाती उघडून दिली, तेथे योजना फळली; जेथे परवलीच्या शब्दांची यादी मूल्यमापन समितीला दाखविण्यापुरती फाइलीत लावून ठेवली, तेथे ती फाइलीतच राहिली.

मुक्त विद्यापीठांची गोष्ट याहून नाजूक आहे. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने आपली अभ्यासकेंद्रे बहुतांशी चालू महाविद्यालयांच्याच इमारतींत उघडली, आणि स्वयं-अध्ययनाची पुस्तके विद्यार्थ्याच्या हाती देण्याची पद्धत ठेवली. ही पुस्तके चांगली असतात, निगुतीने लिहिलेली असतात, आणि हजारो गृहिणींना, शेतकऱ्यांना आणि नोकरदारांना त्यांनी पदवीच्या दारापर्यंत आणले आहे. परंतु एकच पुस्तक वाचून विषय संपतो, अशी समजूतही त्यांनी नकळत रुजविली. रविवारी ज्या महाविद्यालयाच्या खोलीत तो विद्यार्थी बसतो, त्याच इमारतीतल्या ग्रंथालयाचे सभासदत्व त्याला आपोआप मिळत नाही. यजमान संस्थेने औदार्य दाखविले तर मिळते, एरवी तो त्या कपाटांजवळून नुसता चालत जातो. अभ्यासकेंद्राच्या करारात या एका हक्काची ओळ घालणे कितीसे कठीण असावे?

आता २०२५ च्या जानेवारीपासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना सुरू झाली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ च्या नोव्हेंबरात तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये मंजूर केले. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके, सहा हजार तीनशेंवर संस्था आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक, असा तिचा विस्तार सांगण्यात आला. विद्यापीठाने भागीदाराला आपल्या परवान्यात घ्यावे की न घ्यावे, हा तंटाच येथे मिटतो, कारण परवाना आता राष्ट्राच्या नावाचा आहे. तथापि पहिल्या टप्प्यात ती केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आखलेली आहे, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाने या ‘व्यवस्थापनाखालील’ शब्दावर जरा थांबावे. आपल्याकडचे उच्चशिक्षण सरकारने कमी आणि संस्थांनी अधिक उभारले. १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १९१९ ची रयत शिक्षण संस्था ही त्यांतली केवळ दोन ठळक नावे. ज्या प्रांतात लोकांनी वर्गण्या जमवून महाविद्यालये काढली, त्या प्रांतात सरकारी व्यवस्थापनाची अट अधिक काटेकोरपणे तपासून पाहावी लागणार. शिवाय २०२० च्या शैक्षणिक धोरणाने संलग्नतेची पद्धतच पंधरा वर्षांत क्रमाक्रमाने संपविण्याचा संकल्प सोडला आहे. म्हणजे आज विद्यापीठाकडे निदान बोट दाखविता येते, उद्या लहान गावातले स्वायत्त महाविद्यालय आपली पदवी आपणच देऊ लागले की कपाटाचा जाब विचारावयाला दुसरे कोणी उरणार नाही.

या साऱ्या योजनांची आणखी एक मर्यादा आहे, आणि ती परवान्याने दूर होणारी नाही. त्या नियतकालिकांची भाषा प्रामुख्याने इंग्रजी आहे आणि त्यांचा वाचक संशोधक आहे. मराठी माध्यमातून इतिहास किंवा अर्थशास्त्र घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षात बसलेल्या मुलीला तेरा हजार नियतकालिकांतून जे मिळेल, त्याहून अधिक तिला मराठी विश्वकोशाच्या एका नोंदीतून मिळण्याचा संभव आहे, आणि विश्वकोश महाजालावर सर्वांना विनामूल्य खुला आहे. तशीच गोष्ट प्रबंधांची. विद्यापीठाचे स्वतःचे असे धन, ज्याच्यासाठी कोणा प्रकाशकाची परवानगी लागत नाही, ते म्हणजे त्याच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेले प्रबंध. आणि इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरच्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध, त्यांत मराठीत लिहिलेलेही पुष्कळ, कोणालाही विनाशुल्क वाचता येतात. दशावतारावर, कोकणातल्या खोतीवर किंवा मालवणी बोलीवर कोणी प्रबंध लिहिला असेल आणि तो तेथे दाखल झाला असेल, तर तो वाचण्यासाठी सावंतवाडीच्या विद्यार्थ्याला आज मुंबईची गाडी पकडावी लागत नाही, सभासदत्व लागत नाही, परवलीचा शब्दही लागत नाही. हे भांडार आहे, एवढे त्याला पहिल्या सत्रातच कोणीतरी सांगावे लागते. आणि ते सांगण्याची नेमणूक ज्याची, त्या ग्रंथपालाचे पद अनेक महाविद्यालयांत रिक्त आहे.